आठशेतला कर

मावशींनी तोंडातून एकदा भाव काढला की ती काळ्या दगडावरची रेघ, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. एखादं नवखं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर त्या चिडत नसत. त्याला बसवून घेत, पाणी देत, आणि गोड आवाजात सांगत, "पुढच्या चौकात आणखी एक दुकान आहे बघा. तिथे भाव उतरतो. फोमही उतरतो, पण ते वर्षभरानं कळतं." एवढं ऐकल्यावर माणूस मुकाट्यानं पैसे काढी, नाहीतर मुकाट्यानं उठून जाई. दोन्हीचं मावशींना सारखंच समाधान.

दुकान जुन्या खुर्च्या आणि सोफे नव्यानं मढवून द्यायचं. नवरा गेल्यावर ते त्यांच्या गळ्यात पडलं, आणि गळ्यात पडलेलं त्यांनी डोक्यावर मिरवलं. कापड बेतायचं आणि कापायचं काम त्यांच्याकडे. सांगाडे दुरुस्त करून फोम बसवणं, कापड ताणून स्टेपल मारणं मुलाकडे. शिलाई मशीन आणि बिलं सुनेकडे. मावशींची शाळा भागाकार सुरू व्हायच्या आतच सुटली होती, पण बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार एवढ्या भांडवलावर त्यांनी दुकान चालवलं आणि मुलाला वाढवलं, आणि कुणी हिशेबात हात धरेल अशी वेळ स्वतःवर येऊ दिली नाही.

मालावर आणि मजुरीवर नवा कर आला तेव्हा इतर दुकानांत गिऱ्हाइकं वैतागली. भाव एक सांगायचे आणि पैसे घेताना त्यावर कर चढवायचे. मावशींनी जाहीर करून टाकलं, "आमच्याकडे असला दुतोंडीपणा नाही. मी सांगेन त्यातच कर." आणि त्याची त्यांनी आपली एक रीत बसवली. कर वीस टक्के. मग आलेल्या प्रत्येक शंभरातले वीस काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. तो सरकारचा डबा. दर तीन महिन्यांनी सुनेनं त्यातून कर भरायचा. भाव ठरवतानाही हेच गणित: शंभरातले वीस गेल्यावर आपली मजुरी, कापड आणि फोम एवढं हातात उरलं पाहिजे, असा आकडा सांगायचा. डब्याला त्या स्वतः फक्त टाकायला हात लावत, काढायला कधीच नाही. सरकारचे पैसे घरात ठेवलेत म्हणजे परक्याची लेक घरात ठेवल्यासारखं, असं त्या म्हणत.

तर त्या आठवड्यात गावच्या सभागृहाचे व्यवस्थापक दुकानात आले. मागून हमालानं एक खुर्ची आणून टेकवली. बैठक फाटलेली, आतला फोम पिवळा पडून भुगा झालेला.

"अशा दोनशे आहेत, मावशी," ते म्हणाले. "एकीचे किती घ्याल?"

मुलगा आतल्या बाजूला एका सोफ्याच्या पोटात डोकं घालून बसला होता. तो बाहेर आला. दोनशे खुर्च्या म्हणजे चार महिन्यांचं काम. त्याच्या खिशात लांबच्या शहरातल्या एका फर्निचर कारखान्याचं पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. नोकरी पक्की होती, फक्त येतो की नाही ते कळवायचं होतं. "सभागृहाचं काम मिळालं तर राहतो," असं तो आईला म्हणाला होता, आणि त्याहून जास्त काही म्हणाला नव्हता. त्यामुळे मावशींना रात्रंदिवस तेवढंच ऐकू येत होतं.

मावशींनी खुर्ची उलटी केली, खालची बाजू पाहिली, पाठ दाबून पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं.

"आठशे. बैठक आणि पाठ दोन्ही. कर त्यातच."

व्यवस्थापकांनी कान खाजवला. "समितीनं पावणेआठशेच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलंय."

"मग समितीला म्हणावं, कार्यक्रम उभ्यानं बघा."

"अहो, पंचवीसच तर कमी करायचेत. दोनशे खुर्च्या आहेत, एक थोडीच आहे?"

"म्हणूनच सांगते. पावणेआठशेतले सरकारचे वीस टक्के काढले की माझ्या हातात सहाशे वीस. मला एका खुर्चीला सहाशे चाळीस लागतात. एका खुर्चीत वीस बुडणार असतील तर दोनशे खुर्च्यांत किती वेळा बुडायचं ते तुम्हीच मोजा."

मशीन थांबलं. मावशींनी सुनेकडे पाहिलं, तर ती सुईत दोरा ओवत होती. दोरा तुटलेला नव्हता, हेही मावशींनी पाहिलं.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे," व्यवस्थापक उठत म्हणाले. "तोवर विचार करा. तुमचं काम मला माहीत आहे. माझ्या घरचा सोफा तुम्हीच मढवलाय."

"विचार करून झालाय," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही या. पाणी प्यायलाच या."

ते गेले. मुलानं स्टेपलर ठेवला आणि हात पुसत बसला.

"बोल काय ते," मावशी म्हणाल्या. "असा तोंड शिवल्यासारखा बसू नकोस."

"काय बोलू? तुला वीस जड झाले."

"मला नाही, हिशेबाला जड झाले."

"आई," सून मशीनवरूनच म्हणाली, "पावणेआठशेत आपलं नुकसान नव्हतं."

दुकानात तिघंच होते, तरी मावशींना उगाच वाटलं की सगळा रस्ता थांबून ऐकतोय.

"काय म्हणालीस?"

"सहाशे वीस नाही उरत. सहाशे पंचेचाळीसच्या वर उरतात. तुम्हाला लागतात त्याहून पाच जास्तच."

"हे कुणी सांगितलं?"

"बिलाचं मशीन सांगतं. रोजच सांगतं. आठशेचं बिल केलं की ते कर एकशे साठ नाही दाखवत, एकशे तेहतीस दाखवतो. आलेल्या पैशांचे सहा भाग करायचे, पाच आपले, एक सरकारचा. तुम्ही पाच भाग करता."

"वीस टक्के म्हणजे शंभरात वीस. शंभरात वीस म्हणजे पाचवा हिस्सा. हे मला भागाकार न शिकतासुद्धा कळतं. तू सहावा कुठून आणलास?"

"ते वीस आपल्या शंभरावर असतात, आई. आपले शंभर, वर सरकारचे वीस, गिऱ्हाईक देतं एकशे वीस. त्या एकशे वीसमधून पुन्हा शंभराला वीस काढले तर चोवीस निघतात. आपल्या हातात शंभर राहत नाहीत, शहाण्णव राहतात. आणि तुम्हाला शंभर हवेत म्हणून तुम्ही भाव एकशे पंचवीस सांगता."

"म्हणजे पाच जास्त."

"हो. आठशेच्या जागी सातशे अडुसष्ट पुरतात."

मावशींनी बोटांवर मोजून पाहिलं. त्यांना ते पटलं होतं असं नाही. पण आकडे बोलताना सुनेचा आवाज जसा शांत राहिला, तसा खोटं बोलणाऱ्याचा राहत नाही, एवढं त्यांना माणसांचं गणित येत होतं. आणि मग त्यांच्या मनात दुसराच प्रश्न आला, पहिल्यापेक्षा वाईट.

"मग इतकी वर्षं मी डब्यात टाकतेय, त्यातलं उरतं ते कुठे जातं?"

सुनेनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. "घरात येतं. मशीनची मोटर त्यातूनच घेतली. पावसाचं पाणी गळत होतं तेव्हा छताचा पत्रा बदलला. तुमचा चष्मा."

मावशींनी चष्मा काढून हातात घेतला. तसा तो आता त्यांना काही दाखवतही नव्हता.

"आणि मी सगळीकडे सांगत फिरले, माझ्या सुनेच्या हाताला बरकत आहे. तिच्या हातात पैसा टिकतो." त्या हसल्या, पण ते हसू कुणाला हसायला बोलावणारं नव्हतं. "लोकांचे टिकवत होतीस होय."

"मी सांगितलं होतं तुम्हाला. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, चार बुकं जास्त शिकलीस म्हणून काही शंभरातल्या वीसचे सतरा होत नाहीत."

तसं त्या म्हणाल्या होत्या. शब्द त्यांना ओळखीचे वाटले, स्वतःच्या जुन्या पातळासारखे.

"एकदा नाही ऐकलं मी. पुन्हा का नाही सांगितलंस?"

सुनेनं दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "पुन्हा सांगायला हवं होतं. पण डब्यात उरत होतं, आणि घरात लागत होतं."

 तिनं सबब दिली असती तर मावशींनी ती टराटरा फाडली असती. खरं फाडता येत नाही. मुलगा एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत होता. कुणाच्या बाजूनं बोललं तर जेवण मिळेल, याचा हिशेब तो करत असावा. शेवटी तो सोफ्याच्या पोटात परत गेला. तिथे सुरक्षित होतं.

दुपारी मावशी कापायला बसल्या. रागात असलं की त्या कापायला बसत. कात्री हातात असली की बोलायची गरज पडत नसे. एका लांबट बाकाची गादी समोर होती. त्यांनी सवयीनं ती वितीनं मोजली: पाच वीत. कापड सहा वीत घ्यायचं. ते जास्तीचं वीतभर कापड म्हणजे माया, खाली दुमडून स्टेपल मारायला सोडलेलं. सून नवी आली तेव्हा हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं पहिल्यांदा कापलेला तुकडा आखूड पडला होता, आणि मावशी तिला म्हणाल्या होत्या, "माया गादी बघून धरायची गं, कापड बघून नाही. कापडाकडे बघत बसलीस तर गादी उघडी पडेल."

त्यांनी सहा वीत मोजून खडूनं खूण केली, आणि खडू तसाच हातात राहिला.

पाच वितींची गादी. पाचाला एक माया. कापड सहा वीत. आता हे सहा वितींचं कापड कुणाच्या हातात दिलं, आणि गादी न दाखवता सांगितलं, पाचाला एक काढून टाक, तर तो बिचारा काय करील? सहाचे पाच भाग करील आणि त्यातला एक कापील. वितीपेक्षा जास्त कापील. उरलेलं कापड गादीवर घातलं तर गादी पुरती झाकणारच नाही. मग तो म्हणेल, कापडच कमी होतं, पुढच्या वेळी जास्त आणा. आणि दर वेळी जास्त आणायला लावील. कापड आणणारा बापडा आणत राहील, कारण कापणाऱ्या बाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांनी खडू खाली ठेवला. सुनेनं सांगितलेलं खोटं ठरावं म्हणून त्या सकाळपासून मनात वाटा शोधत होत्या, आणि आता स्वतःच्याच वितीनं सगळ्या वाटा बुजल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून रस्ता बघत राहिल्या. जाणारं-येणारं हरेक माणूस ओळखीचं. या बाईच्या चार खुर्च्या. त्या म्हाताऱ्याची आरामखुर्ची, तिची पाठ दोनदा मढवली. शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या कचेरीतला कोच. मावशींनी आयुष्यात कुणाचा फुकटचा घोट घेतला नव्हता. देणाऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं की आपण जास्त देतोय. ते तर समाधानानं देत होते, भाव उतरत नाही म्हणजे तो खराच असणार म्हणून. हेच मावशींना सर्वांत जास्त टोचलं. लोकांनी त्यांच्याशी घासाघीस केली असती तर निदान तेवढे तरी वाचले असते. त्यांचं न उतरणं हेच लोकांना महाग पडलं होतं. भाव हलत नाही म्हणजे तो बरोबर, असं त्या धरून चालल्या होत्या. पण भिंतीला वाकडी ठोकलेली खुंटीसुद्धा हलत नाही. ती काही त्यामुळे सरळ होत नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सुनेला हाक मारली. "चल. सभागृहात जायचंय."

"फोन केला तरी चालेल, आई."

"भाव तोंडावर सांगितला होता. बदलायचा तोही तोंडावरच."

मुलानं मान वर केली. मावशींच्या तोंडून भाव बदलायची गोष्ट त्यानं जन्मात ऐकली नव्हती.  पण आई चप्पल घालत असताना तिला काही विचारायचं नाही, हे तो लहानपणीच शिकला होता.

रस्त्यानं चालताना मावशी पुटपुटत होत्या. "सातशे अडुसष्ट. हा काय आकडा आहे? चपलेत खडा गेल्यासारखा."

"आई," सून हळूच म्हणाली, "पावणेआठशे म्हणा ना. समितीनं मंजूर केलेलेच आहेत. तुम्ही हो म्हणालात की संपलं. आकडाही चांगला आहे, आणि कुणाला काही सांगायलाही नको."

मावशी थांबल्या. हे त्यांच्याही मनात आलं होतं, दोनदा. पावणेआठशे म्हटलं की व्यवस्थापक खूश होतील, समिती खूश होईल, मुलगा राहील. मावशी जराशा उतरल्या एवढं लोक म्हणतील, आणि तेही कौतुकानं, की म्हातारपणी बाई मऊ झाली.

"एका खुर्चीला सात जास्त कशाचे घ्यायचे?" त्या म्हणाल्या.

"ते देतायत म्हणून."

"मग सगळे देतच होते की." आणि त्या पुढे चालायला लागल्या.

सभागृह रिकामं होतं. रंगमंचावर एक बल्ब जळत होता आणि समोर दोनशे फाटक्या खुर्च्या तोंड वासून बसल्या होत्या. व्यवस्थापक पहिल्या रांगेत कागद पसरून बसले होते. मावशींना बघून ते उठले. "या, या. बसा कुठेही. म्हणजे, बसता येईल तिथे."

मावशी उभ्याच राहिल्या. "सातशे अडुसष्ट. कर त्यातच."

"काय?"

"एका खुर्चीचे."

व्यवस्थापकांचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू काळजीत पडला. "मावशी, परवा मी पावणेआठशे देत होतो, तर तुम्ही वीस बुडतात म्हणालात. आज त्याहूनही खाली? फोम बदलणार की काय?"

"फोम तोच."

"कापड?"

"कापडही तेच. तुम्ही मला काय समजलात?"

"समजलो नाही म्हणूनच विचारतोय. आणि उतरता येतच होतं, तर मग साडेसातशेलाच करून टाकू. तुमचा मान, समितीचाही मान."

सून मान खाली घालून उभी होती. मावशींना दिसलं, हा माणूस चूक बोलत नाहीये. एकदा खाली आलेल्या भावाला आणखी एक पायरी दाखवायची, हे कुणीही करील. त्या स्वतः करतील. आता इथे दोनच गोष्टी होत्या. साडेसातशेला नाही म्हणून तोऱ्यात निघून जायचं, नाहीतर सांगून टाकायचं. तोऱ्यात निघून जाण्यात त्या वाकबगार होत्या. पाय तर केव्हाचे दाराकडे वळले होते.

"मी उतरले नाही," त्या म्हणाल्या. "आठशे चूक होते. कर कसा काढायचा ते मला कळलंच नव्हतं. मी शंभरातले वीस काढत होते, काढायचे एकशे वीसमधले वीस. त्यामुळे जास्त सांगत होते. सातशे अडुसष्ट हा बरोबर भाव आहे. साडेसातशे पुन्हा चूक होईल, फक्त दुसऱ्या बाजूनं."

व्यवस्थापक त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी केलं. सहाशे चाळीस लिहिले, त्यावर वीस टक्के चढवले, आकडा जुळला. पेन बंद करता करता ते थांबले.

"म्हणजे माझ्या सोफ्याचं पण?"

मावशींना हे येणार हे ठाऊक होतं. 

"तुमच्या सोफ्याचंही."

"किती?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं. "सांग."

"बिल दहा हजारांचं होतं," सून म्हणाली. "नऊ हजार सहाशे व्हायला हवं होतं. चारशे जास्त."

"चारशे," व्यवस्थापक म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मनातल्या मनात आणखी कुणाकुणाचे सोफे आठवत होते, असं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. "या कामाच्या बिलातून वजा करून टाका."

"तसं नाही करता येणार," सून पटकन म्हणाली. "या बिलातून वजा केले तर याचा कर चुकेल. ते वेगळे देऊ."

"बघा," मावशी म्हणाल्या. "एक चूक सुधारायला गेलं की दुसरी दारात उभी असते. हिला विचारून करते आता मी." मग त्यांना एक सुचलं आणि त्या सुनेकडे वळल्या. "अगं, ते चारशे जास्त घेतले, त्यावरचा करही आपण सरकारला भरलाच असेल की."

"भरलाय. चारशेतले सदुसष्ट सरकारकडे गेले. उरलेले आपल्याकडे आले."

"म्हणजे सरकारलाही मी जास्त दिले."

"हो."

"ते परत मिळतात?"

"अर्ज करावा लागेल. करसल्लागाराला विचारते. त्याची फी सदुसष्टांच्या वर होईल."

"राहू दे मग. कुणाकडे तरी माझे जास्त गेलेले असूदेत."

व्यवस्थापकांना हसू आलं, आणि त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला नाही. "मावशी, मी समितीला सातशे अडुसष्ट सांगतो. फक्त हे सोफ्याचं बाहेर बोलू नका. तुमच्या दारात रांग लागेल."

"लागू दे. बसायला खुर्च्या आहेत माझ्याकडे."

परत येताना दोघी चौकापर्यंत आल्या. मग सून म्हणाली, "सगळ्यांना सांगत बसणार का तुम्ही?"

"भेटेल त्याला."

"सगळ्यांचं परत करायचं म्हटलं तर या कामातलं काही उरणार नाही."

"एकदम नाही करता येणार. ज्याचं काम पुन्हा येईल, त्याला नव्या भावात करून देऊ आणि मागचं सांगून देऊ. आणि जी माणसं मेली, त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. ते मला विचारू नकोस."



दुकानात मुलगा दारातच उभा होता. "काय झालं?"

"दोनशे खुर्च्या," सून म्हणाली. "सातशे अडुसष्टनं."

त्यानं आईकडे पाहिलं. मावशी चप्पल काढत होत्या. "असं काय बघतोस? तुझ्या बायकोचा हिशेब बरोबर होता आणि माझा चूक. झालं का समाधान? आता त्या कारखानेवाल्याला कळव, वाट बघू नका म्हणून. सभ्य भाषेत कळव. आणि फोमची मागणी आजच दे."

 आत जाऊन मुलानं सोफ्याच्या सांगाड्यावर इतक्या जोरानं हातोडी मारली की मावशींना बाहेरूनच ओरडून सांगावं लागलं, लाकूड परक्याचं आहे.

तेवढ्यात शेजारच्या औषधांच्या दुकानातून आवाज आला. त्याच्या गल्ल्यावर तीनचार माणसं उभी होती आणि औषधवाला पुड्या बांधता बांधता मान बाहेर काढून बघत होता. व्यवस्थापकांचा आणि त्याचा दोस्ताना जुना. बातमी मावशींच्या आधीच पोहोचली होती.

"काय मावशी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा भाव उतरला म्हणे. आम्ही इतकी वर्षं उगाच घाबरत होतो तर."

गल्ल्यावरची माणसं हसली. त्यांतली ती चार खुर्च्यांवाली बाईही हसली. मावशींचा चेहरा क्षणभर असा झाला की सून मशीनवरून अर्धी उठली. हसून सोडून द्यायची हीच वेळ होती. रस्ता उद्यापर्यंत विसरला असता.

मावशींनी काढलेली चप्पल पुन्हा घातली आणि त्या शेजारच्या दुकानात शिरल्या.

"उतरला नाही," त्या म्हणाल्या. "बरा झाला. इकडे दे तो पट्टीचा रोल. आणि तूही ये गं पुढे, तुझ्याही चार खुर्च्या आहेत यात."

"कशाला हवी पट्टी?" औषधवाल्यानं विचारलं, पण रोल दिला.

मावशींनी गल्ल्यावरची दोन खोकी बाजूला सारली आणि पट्टी उलगडून वितीनं मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. माणसं हसायची थांबून वाकून बघत होती. "हे पाच माझे," त्या म्हणाल्या, "आणि हे एक सरकारचं. आता नीट बघा मी काय करत होते ते, कारण मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."